शुगर खाली येत नसेल तर एकदा तोंडही तपासून घ्या: मधुमेह आणि हिरड्या

अबोली

आमच्या घरात मधुमेह पिढीजात. आजीला होता, बाबांना आहे, आता दादालाही निघालाय. त्यामुळे शुगरच्या फाईलमध्ये काय काय असतं ते पाठ झालंय. तीन महिन्यांची शुगर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, तळपायाला संवेदना आहे की नाही याची तपासणी. बाबांची फाईल चांगली जाडजूड आहे, पण तिच्यात दातांबद्दल एक ओळ नव्हती. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही आणि दाताचा डॉक्टर शुगरशी संबंधित असेल असं आमच्याही कुणाच्या मनात आलं नाही. हा धागा त्यासाठीच काढतेय.

बाबा ६७ वर्षांचे, मुक्काम मिरज. पथ्य कडक, संध्याकाळचं चालणं चुकत नाही. तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ८.४ च्या आसपास अडकून बसलं होतं. गोळी वाढवली, फार फरक पडला नाही. त्याच सुमारास ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसायचं, खालचे पुढचे दात हलायला लागले होते, तोंडाला वास येत होता. ‘वय झालं, दात हलणारच’ असं बाबाच म्हणायचे. दुखत काहीच नव्हतं.

मला जास्त खटकलं ते त्यांचं ताट. भाकरी बंद झाली. काकडी-गाजराची कोशिंबीर ताटात तशीच राहायची, मूठभर भाजलेले शेंगदाणे ही त्यांची आवडती गोष्ट, तीही सुटली. त्याऐवजी दुधात कुस्करलेली पोळी, गुरगुट्या भात आणि चहात बुडवलेले टोस्ट. म्हणजे कागदावर पथ्य चालू आणि पोटात जातंय ते सगळं मऊ आणि पिठूळ. चावता येत नाही म्हणून माणूस काय खायला लागतो, ते घरच्यांनी बघितलं पाहिजे.

मग हिरड्यांच्या तज्ञाकडे गेलो. त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत अलगद घालत आकडे सांगायला सुरुवात केली. सहायक लिहून घेत होती. तीन, दोन, पाच, सहा, सात. तीनपर्यंत ठीक, चारच्या पुढे हिरडी दातापासून सुटलेली, असा हिशेब. मागच्या दाढांना एकही आकडा पाचच्या खाली आला नाही आणि सळई बाहेर काढली की प्रत्येक ठिकाणी रक्त. डॉक्टर म्हणाल्या, “काका, एवढी जखम पायाला असती तर तुम्ही त्याच दिवशी धावत आला असता. ही तोंडात आहे, दिसत नाही आणि दुखत नाही, एवढाच फरक.”

हिरड्यांच्या आतून साफसफाई झाली, दोन दात काढावे लागले, दातांच्या फटींत फिरवायचे छोटे ब्रश सुरू झाले. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.७ आलं, औषधं तीच ठेवून. सगळं श्रेय हिरड्यांना देता येणार नाही, कारण चावता यायला लागल्यावर खाणंही सुधारलं. पण माझ्या मते ते दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत.

इथे दंतवैद्य आणि मधुमेहाचे डॉक्टर आहेत. कृपया सविस्तर लिहा. इतरांनी आपले अनुभव सांगा.

---

कृष्णाकाठ

अतिशय गरजेचा धागा. माझ्या सासूबाईंचेही पुढचे दात असेच हलतायत, वय ५९ फक्त. शुगर दहा-बारा वर्षांची. त्या म्हणतात दात ‘साफ’ करून घेतले की आणखी हलतात आणि फटी पडतात, शेजारणीचं तसंच झालं. डॉक्टर मंडळी, यात तथ्य आहे का? त्यांना काय सांगू?

---

दंतमंजिरी

अबोलीताई, छान लिहिलंत. मी हिरड्यांवर काम करणारी दंतवैद्य आहे, नाशिकला. जमेल तेवढं सोप्या भाषेत सांगते.

आधी कृष्णाकाठ यांचा प्रश्न, कारण माझ्याकडे रोज कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. दातावरचा मऊ थर वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. तेच कीट. ते हिरडीच्या खालीही उतरतं आणि त्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या जंतूंमुळे हिरडी सुजते, मग दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. दात सैल होतो तो या झिजेमुळे. दोन दातांमधली मोकळी जागा कीटाने भरलेली असते, त्यामुळे फट दिसत नाही आणि दातही एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात. कीट काढलं की आधीच पडलेली फट उघडी होते. सूज उतरल्यामुळे हिरडी थोडी खाली बसते आणि काही दिवस दात शिवशिवतात. सासूबाईंना सांगा की ५९ हे दात हलायचं वय नाही, आणि जितका उशीर होईल तितकं हाड कमी होत जाईल. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. उरलेलं मात्र टिकवता येतं.

आता मधुमेहाचा संबंध. तो दोन्ही बाजूंनी आहे.

शुगर वाढलेली राहिली की शरीरातल्या प्रथिनांना साखर चिकटून काही घातक संयुगं तयार होतात. ती हिरड्यांतही साठतात आणि दाह वाढवत ठेवतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, जखम भरायला वेळ लागतो. लाळ कमी होते. त्यामुळे तेवढ्याच जंतूंनी मधुमेह नसलेल्या माणसाच्या हिरड्यांचं जेवढं नुकसान होईल, त्यापेक्षा कितीतरी जास्त मधुमेहींचं होतं. शुगर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा गंभीर आजार होण्याचा धोका सुमारे तिप्पट मानला जातो. ज्यांची शुगर खरोखर ताब्यात आहे, त्यांचा धोका इतरांच्या जवळपास येतो, हेही सांगायला हवं.

उलटी बाजू अशी. हिरड्यांतल्या खोल कप्प्यांत चोवीस तास दाह चालू असतो. त्यातून सुटणारी रसायनं आणि थोडेबहुत जंतू रक्तात जातात, यकृत आणि स्नायूंमध्ये इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो आणि शुगर चढीच राहते. सर्दी-तापात शुगर वाढलेली तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. इथे तो ताप कधी उतरतच नाही, फक्त अंगाला जाणवत नाही.

हे आजकालचं फॅड नाही. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या पिमा लोकांमध्ये टाइप २ मधुमेहाचं प्रमाण प्रचंड आहे. त्यांच्या दातांचा आणि शुगरचा अभ्यास कित्येक वर्षं चालला. हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हॅराल्ड लो यांनी १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं, ते मुख्यतः त्याच आधारावर. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या, न भरणाऱ्या जखमा, आणि सहाव्या हिरड्या. पुढे २००५ मध्ये त्याच लोकांमध्ये दिसलं की ज्या मधुमेहींच्या हिरड्यांचा आजार गंभीर होता, त्यांच्यात हृदय आणि मूत्रपिंडाच्या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण तीनपटीहून जास्त होतं.

२०१८ मध्ये आमच्या शाखेत हिरड्यांच्या आजाराचं नवं वर्गीकरण आलं. त्यात मधुमेही रुग्णाचं एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असेल तर त्याचा आजार थेट वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात. म्हणजे आता दंतवैद्याने शुगरचा रिपोर्ट मागणं हा उपचाराचाच भाग आहे. तुमच्या दंतवैद्याने मागितला नाही तर तुम्ही स्वतःहून दाखवा.

---

तर्कट

माहिती चांगली आहे, पण एक मुद्दा मांडतो. हिरड्या साफ केल्या म्हणून शुगर उतरते हे इतकं सरळ नाही. २०१३ साली अमेरिकेत पाच केंद्रांवर मिळून पाचशेहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली होती. निम्म्यांना हिरड्यांचे उपचार दिले, निम्म्यांना थांबवून ठेवलं. सहा महिन्यांनी एचबीए१सीमध्ये काहीही फरक आला नाही आणि चाचणी मुदतीआधीच थांबवली. अबोली यांच्या वडिलांचं ८.४ वरून ७.७ होणं ऐकायला छान वाटतं, पण एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही. लोक हे वाचून गोळ्या सोडून दात घासत बसतील, अशी भीती वाटते.

---

दंतमंजिरी

तर्कट, मुद्दा रास्त आहे आणि तो इथे यायलाच हवा होता. ती चाचणी मला माहीत आहे. तिच्यावर आमच्या शाखेत घेतला गेलेला आक्षेप असा की उपचारानंतरही त्या रुग्णांच्या दातांवर थर भरपूर होता आणि बऱ्याच ठिकाणी रक्त येतच होतं. हिरड्याच बऱ्या झाल्या नाहीत, तर शुगरवर परिणाम दिसणार कसा?

त्यानंतर २०१८ मध्ये लंडनमध्ये २६४ रुग्णांवर चाचणी झाली. तिथे उपचार कसून केले, वर्षभर पाठपुरावा ठेवला आणि वर्षाअखेरीस दोन गटांच्या एचबीए१सीमध्ये ०.६ चा फरक आला. २०२२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा ३५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यात पाठीमागची ती अमेरिकन चाचणीही धरली होती. तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ ची घट दिसली. मधुमेहाची एखादी जादा गोळी सुरू केल्यावर जेवढं मिळतं, त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे.

पण एक गोष्ट ठळक सांगते. ही सरासरी आहे. कुणाचं जास्त उतरेल, कुणाचं काहीच नाही. ज्यांच्या हिरड्या मुळात चांगल्या आहेत, त्यांची शुगर दात साफ करून कमी होणार नाही. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी करायचं नाही. तीन महिन्यांनी रिपोर्ट करून तो मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवायचा, पुढचं ते ठरवतील.

---

तर्कट

पटलं. २०२२ चा आढावा वाचला नव्हता. धन्यवाद.

---

थेम्सकाठी

इथे इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये मधुमेहाच्या मार्गदर्शक तत्त्वांत हिरड्यांचा समावेश केला. वार्षिक तपासणीला गेलं की डोळे आणि पायांबरोबर हेही सांगितलं जावं, की मधुमेहींना हिरड्यांच्या आजाराचा धोका जास्त आहे, नियमित दाखवा आणि हिरड्या बऱ्या झाल्या तर शुगरलाही मदत होते. माझ्या नर्सने हे खरंच विचारलं. सरकारी दंतवैद्याची वेळ मिळणं मात्र इथे महाकठीण, तो वेगळाच धागा होईल. भारतातून आई येते तेव्हा आम्ही तिचे दात तिकडेच बघून घेतो, विमानात बसायच्या आधी.

---

वाईकर

आमच्या भागातली एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मशेरी.

सातारा, सांगली, कोल्हापूर, मराठवाडा, कुठेही जा, पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या आयाबाया सकाळी मशेरी लावताना दिसतील. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडून पूड करायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर चोळून तशीच धरून ठेवायची. त्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं असं त्या सांगतात. अर्थात, ती तंबाखूची लत आहे. माझी आत्या अशीच. शुगर तीनशेला पोचलेली, खालच्या दातांची मुळं उघडी पडलेली, पण हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून ‘माझे दात मजबूत आहेत’ यावर ठाम.

डॉक्टर, रक्त येत नाही म्हणजे हिरड्या चांगल्या, असं धरायचं का?

---

दंतमंजिरी

वाईकर, फार महत्त्वाचं लिहिलंत. नाही, तसं धरता येत नाही. निकोटिनने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे सूज आणि रक्त दोन्ही कमी दिसतं. सिगारेट ओढणाऱ्यांत हे सर्रास दिसतं. आत हाड झिजत असतं आणि धोक्याची पहिली खूण झाकली जाते. मधुमेह आणि तंबाखू एकत्र आले की हिरड्यांसाठी याहून वाईट जोडी नाही. शिवाय मशेरीने तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. आत्यांच्या गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा, न भरणारं तोंड आलेलं किंवा खरखरीत जागा दिसते का, ते बॅटरी लावून बघा आणि काहीही दिसलं तरी लगेच दाखवा.

त्यांना रागावून उपयोग होणार नाही. आमच्या अनुभवात सकाळची मशेरी सुटायला सगळ्यात अवघड जाते, म्हणून आधी दुपारची आणि रात्रीची सोडायला सांगतो. आणि सोडल्यावर सुरुवातीला हिरड्यांतून जास्त रक्त येऊ शकतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर ‘मशेरी सोडली आणि हिरड्या बिघडल्या’ म्हणून पुन्हा सुरू होते.

---

रानफूल

मी एक प्रश्न विचारू का? माझे वडील इन्सुलिनवर आहेत. दाढ काढायची आहे. एका दवाखान्यात त्यांना ‘उपाशी या’ असं सांगितलं गेलं. ते इन्सुलिन घेऊन उपाशी गेले, तिथे रांगेत बसले आणि घाम फुटून गरगरायला लागले. नशिबाने बाजूच्या बाईंकडे गोळ्या-बिस्किटं होती. आता पुन्हा जायचं म्हटलं की ते घाबरतात. नेमकं काय करायचं असतं?

---

मधुबन

रानफूल, वाचूनच काळजी वाटली. मी मधुमेहाचा डॉक्टर आहे, म्हणून हा भाग मी लिहितो.

साध्या भुलीच्या इंजेक्शनने दाढ काढायची असेल तर उपाशी जायचं कारण नाही. सकाळची वेळ घ्या. नेहमीचा नाश्ता करा, नेहमीची औषधं आणि इन्सुलिन घ्या, निघताना घरी ग्लुकोमीटरवर शुगर बघा आणि मशीन सोबत न्या. खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखर हवीच. शुगर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, गरगर सुरू झाली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. खुर्चीत बसण्यापूर्वी दंतवैद्याला स्पष्ट सांगा की इन्सुलिनवर आहे आणि पूर्वी असा प्रकार झाला होता. पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया असेल तर नियम वेगळे, तेव्हा उपाशी राहावं लागतं आणि इन्सुलिनचा डोस डॉक्टर बदलून देतात.

खरी गडबड होते ती नंतर. दाढ काढल्यावर तोंड बधिर असतं, दुखतं, जेवण नीट जात नाही, आणि दुपारचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र ठरल्याप्रमाणे घेतली जाते. मग शुगर कोसळते. त्यामुळे त्या दिवशी काय खाणार हे आधी ठरवा. गार केलेलं वरण, मऊ खिचडी, दही-भात, ताक, काहीही चालेल, पण पोटात गेलं पाहिजे. जेवणच जाणार नसेल तर डोसबद्दल आधी डॉक्टरांना फोन करा.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल एक वाक्य. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. दंतवैद्याला क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा.

अबोलीताईंच्या तक्रारीबद्दलही बोलतो. ती खरी आहे. आमच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळणारा वेळ इतका कमी असतो की तोंड उघडून बघायचं राहूनच जातं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत डोळ्यांप्रमाणे दातांच्या तपासणीसाठी पाठवणंही आहे. आपल्याकडे डोळ्यांकडे पाठवायची सवय लागली, दातांकडे पाठवायची लागलेली नाही. ती लागायला हवी आणि त्याची सुरुवात आमच्याकडूनच व्हायला हवी.

---

अबोली

मधुबन, मनापासून आभार. हे ‘नंतरच्या जेवणाचं’ कुणीच सांगत नाही.

---

मांडवी

गोव्यातून लिहितेय. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मधुमेहाचा देशव्यापी अभ्यास आला. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाण आमच्या गोव्यात, २६.४ टक्के. चौघांतला एक. आमच्या वाड्यावर बघितलं तरी ते पटतं. मी बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात आईला नेते. रांग असते, वेळ जातो, शिकणारी मुलं काम करतात पण वर शिक्षक उभे असतात आणि घाई नसते. खाजगीत परवडत नाही म्हणून उपचार टाळणाऱ्यांनी आपल्या जवळचं दंत महाविद्यालय बघावं.

---

कृष्णाकाठ

मांडवी, हे बरं सांगितलं. महाराष्ट्रात मुंबईला सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, पालिकेचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं. आरोग्य विम्यात दातांचे खर्च बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यामुळे ही सोय मोलाची आहे. केसपेपर काढताना मधुमेह आहे हे सांगायचं आणि हिरड्यांच्या विभागात पाठवा म्हणायचं.

---

नीलमोहोर

माझ्या मुलाला टाइप १ आहे, तो नऊ वर्षांचा. रात्री शुगर खाली गेली की त्याला साखर किंवा ज्यूस द्यावा लागतो, मग तो तसाच झोपतो. दात किडतील म्हणून साखर द्यायला माझा हात आखडतो. शिवाय हिरड्यांचं हे सगळं मोठ्यांनाच होतं ना?

---

दंतमंजिरी

नीलमोहोर, रात्री शुगर खाली गेली तर दातांचा विचार मनातही आणू नका. साखर आधी, बाकी सगळं नंतर. तो सावरला की पाण्याचा घोट घेऊन चूळ भरायला लावा, झोपेत असेल तर ओल्या फडक्याने दात पुसा, तेवढं पुरे. झोपताना आणि सकाळी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश होतोय ना, ते मात्र तुम्ही उभं राहून बघा.

आणि हो, मुलांनाही होतं. मधुमेह असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलांच्या अभ्यासात हिरड्या दातापासून सुटायला लागलेल्या आढळल्या आहेत, बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा जास्त. त्यामुळे दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, असं म्हणून सोडू नका. दर सहा महिन्यांनी दाखवा.

---

वाईकर

कोविडच्या दुसऱ्या लाटेतला काळ्या बुरशीचा प्रकार कुणाला आठवतोय का? २०२१ चा उन्हाळा. आमच्या ओळखीतल्या एकांचा वरचा जबडा काढावा लागला. सुरुवात दात हलण्यापासूनच झाली होती.

---

मधुबन

वाईकर, विसरणं शक्य नाही. म्युकरमायकोसिस. महाराष्ट्रात खूप रुग्ण होते आणि त्यातले बहुतेक मधुमेही होते, कोविडसाठी स्टिरॉइड मिळालेले, शुगर हाताबाहेर गेलेली. बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. कित्येक जण पहिल्यांदा दंतवैद्याकडेच गेले, कारण तक्रार होती वरचे दात अचानक हलतायत, गाल बधिर झालाय, टाळूवर काळपट डाग आलाय. ती लाट ओसरली, पण बुरशी गेलेली नाही. शुगर खूप वाढलेली असताना यातलं काहीही दिसलं, किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

---

नर्मदाकाठी

माझी कवळी आहे, दातच नाहीत, तरी हा धागा शेवटपर्यंत वाचला. मला शुगर आहे आणि टाळू सतत लाल असते, जळजळते, तिखट लावून घेता येत नाही. तोंडही कोरडं पडतं. हाही त्यातलाच भाग का?

---

दंतमंजिरी

होय काकू. शुगर जास्त आणि लाळ कमी असली की कवळीखाली बुरशी वाढते. जळजळीचं तेच एक मोठं कारण. रात्री कवळी काढूनच झोपा, तोंडाला तेवढी विश्रांती हवी. काढल्यावर मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवा, गार पाण्यात ठेवा, उकळतं पाणी नको कारण आकार बिघडतो. टाळू आणि जीभही मऊ ओल्या फडक्याने पुसून घ्या. दंतवैद्याला दाखवलंत तर बुरशीवरचं औषध मिळेल आणि कवळी सैल झाली आहे का तेही कळेल.

कोरडेपणाबद्दल आणखी एक. तुमच्या गोळ्यांची यादी तपासून घ्या. पायाच्या जळजळीसाठी दिलेल्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ॲमिट्रिप्टिलिनने, तोंड कोरडं पडतं. आणि ज्यांना दात आहेत त्यांच्यासाठी सांगते, रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या घरांत ही गोळी असतेच. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदलून मिळते.

---

कृष्णाकाठ

सासूबाई तयार झाल्या! ‘कीट भरलेल्या फटी’चं समजावून सांगितलं तेव्हा पटलं. आता एक अडचण. त्या म्हणतात, वरचा दात काढला तर डोळ्यांवर परिणाम होतो. आणि रोज घरी नेमकं काय करायचं? मीठ-तेल चालेल का? माउथवॉश?

---

दंतमंजिरी

वरचा दात काढल्याने नजर जात नाही, दोन्हींच्या नसा वेगळ्या आहेत. डोळ्यांना धोका आहे तो शुगरचा, आणि पडद्याची तपासणी झाली नसेल तर तीही याच निमित्ताने उरकून घ्या.

घरी करायचं ते असं. मऊ केसांचा ब्रश, सकाळी आणि रात्री झोपताना, दोन मिनिटं. रात्रीचा चुकवायचा नाही. ब्रश दात आणि हिरडी मिळतात तिथे तिरका टेकवून अलगद हलवायचा, भांडी घासल्यासारखा जोर नको. रक्त आलं म्हणून त्या जागी ब्रश लावणं सोडू नये, तिथेच जास्त गरज असते. दातांच्या मधल्या भागात ब्रश पोचत नाही, म्हणून फटींसाठीचा छोटा ब्रश. मधुमेहींमध्ये मला सगळ्यात जास्त फरक यानेच दिसतो. प्रत्येक फटीचं माप वेगळं असतं, तुमच्या डॉक्टरांकडून माप ठरवून घ्या.

मीठ-तेल चोळून कीट निघत नाही आणि खरखरीत मिठाने उघडी मुळं झिजतात. कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या चालतील. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तर दोन आठवडे, त्यापुढे दातांवर तपकिरी डाग पडतात. दुखऱ्या हिरडीवर लवंग किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, कातडी भाजते.

पहिल्या साफसफाईनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्या सळईने पुन्हा मोजमाप करून घ्या. आकडे उतरले नसतील तर त्या जागी पुन्हा आतून साफ करावं लागेल, कधी छोटी शस्त्रक्रियाही. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी. एचबीए१सीसाठी रक्त देता, त्याच आठवड्यात दातांची वेळ घ्यायची, म्हणजे दोन्ही लक्षात राहतं.

---

रानफूल

बाबांसाठी सकाळी दहाची वेळ घेतलीय, नाश्ता करून. मधुबन डॉक्टर, इन्सुलिन मिक्स प्रकारचं आहे, सकाळ-संध्याकाळ. संध्याकाळचा डोस कसा करायचा?

---

मधुबन

मिक्स इन्सुलिनमध्ये जेवणासाठीचा भाग आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे रात्री कमी जेवले तर तोच डोस जड जाईल. किती कमी करायचा हे त्यांची शुगर आणि वजन न बघता इथे सांगणं योग्य नाही. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि विचारा, “रात्री अर्धंच जेवण गेलं तर किती युनिट?” आकडा कागदावर लिहून घ्या आणि इन्सुलिनच्या डब्यावर चिकटवा. रात्री झोपण्यापूर्वी एकदा शुगर बघा.